एकतीस नंबरची चौतीस मिनिटं

शहराच्या बससेवेची मुख्य कचेरी तीन मजली आहे. दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत वेळापत्रक विभाग, आणि त्या विभागात बावीस वर्षं एकच माणूस वेळापत्रकं करत आलाय. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. बाकी सगळे त्यांना अचूकराव म्हणतात. हे नाव कुणी कौतुकानं ठेवलं की खवचटपणानं, याचा निकाल अजून लागलेला नाही. अचूकरावांना विचाराल तर कौतुकानंच, आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांचं मत.

काम कसं चालतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टेबलभर पसरलेला चौकटीचा कागद. आडवी वेळ, उभे थांबे, आणि प्रत्येक बसची एक तिरकी रेघ. रेघ चढत चढत शेवटच्या थांब्याला पोचते, तिथे सहा मिनिटं सपाट चालते, ती ड्रायव्हरची विश्रांती, आणि मग उतरायला लागते. असे चौसष्ट मार्ग. रेघा इतक्या सुबक की बघणाऱ्याला वाटावं, काय शहाण्यासारखं चाललंय हे शहर!

कुणी तक्रार घेऊन आलं की अचूकराव तो कागद त्याच्यापुढे सरकवायचे.

"हे बघा. आठ वाजून बारा मिनिटं. बस तुमच्या थांब्यावर आहे."

"अहो, पण ती नसते ना तिथे!"

"कागदावर आहे," अचूकराव शांतपणे म्हणायचे.

माणूस मुकाट्यानं जिना उतरायचा, आणि त्यातले निम्मे तरी पुढच्या महिन्यात स्कूटर घ्यायचे. अचूकराव स्वतः मोटारीनं यायचे. एकटेच. चार माणसांच्या जागेत एक माणूस आणि एक डबा. तुम्ही बसनं का येत नाही, असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला वेळेवर पोचावं लागतं." म्हणताना चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. विभागातले बाकीचे दहा जणही आपापल्या गाड्यांनीच यायचे, त्यामुळे कुणाला हसू यायचा प्रश्न नव्हता.

मग कचेरीत हवामान कक्ष आला. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक पंखा आणि एक मॅडम. मॅडम सायकलवरून यायच्या. पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही, कारण गाड्यांच्या पासात सायकलचा रकाना नव्हता. शेवटी त्यांनी सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि पायी येणाऱ्यांच्या दारातून आत आल्या. तेव्हाच खरं तर सगळ्यांनी ओळखायला हवं होतं.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. शहरातला धूर कमी करायचा तर माणसं मोटारीतून उतरून बसमध्ये बसली पाहिजेत. एक भरलेली बस गेली की चाळीस गाड्या घरी राहतात. पण माणसं बसत नाहीत, कारण बस कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं. तर आधी बस कधी येते ते तरी बघू या. म्हणून त्यांनी प्रत्येक बसला एक यंत्र लावलं आणि कचेरीच्या दालनात मोठा पडदा टांगला. वेळेत चाललेली बस हिरवी, उशिरा चाललेली लाल.

पडदा सुरू केला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बिघडलाय. अख्ख्या शहराला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

त्याच आठवड्यात कचेरीत सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या, की मी आठवड्यातून एकदा बसनं येईन. एकूण एक माणसानं सही केली. ठरलेल्या दिवशी एकूण एक माणूस रजेवर होता.

मोठ्या साहेबांनी पडद्यावर उपाय काढला. त्यांचे उपाय नेहमी खालून सुरू होतात. जो ड्रायव्हर सलग तीन महिने लाल राहील त्याची चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरला तर घरी. मॅडमनी विचारलं, "दोष ड्रायव्हरचाच कशावरून?" साहेब म्हणाले, "वेळापत्रक अचूकरावांचं आहे." झालं! यापुढे पुरावा कसला मागायचा?

तीन महिन्यांनी यादी निघाली. सगळ्यात वरचं नाव एकतीस नंबरच्या ड्रायव्हरचं. आणि हा ड्रायव्हर म्हणजे अचूकरावांचा सख्खा मेहुणा. घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात, पन्नाशीला टेकला तरी. दोन मुली शिकताहेत, आणि बस चालवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. सोमवारी अकरा वाजता चौकशी. त्यात वेळापत्रक विभागानं फक्त एक करायचं असतं: वेळापत्रक बरोबर आहे असं सांगून सही. ती सही बावीस वर्षं अचूकरावच करत होते.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्यांची बायको दवाखान्यात रक्त तपासते. रोज पन्नास माणसांना सुई टोचायची सवय, त्यामुळे बोलतानाही नेमक्या जागी टोचते.

"बावीस वर्षांत माझा भाऊ एक दिवस कामावर उशिरा गेला नाही," ती म्हणाली. "मग त्याची बस कशी रोज उशिरा जाते?"

"रस्त्यात रेंगाळत असेल."

"तुम्ही बघितलंय?"

"यंत्रानं बघितलंय."

"यंत्र त्याचा मेहुणा नाही. तुम्ही आहात. उद्या त्याच्या बसमध्ये बसा, आणि मग काय ते बोला. तोवर माझ्याशी बोलू नका."

ती हे असं बोलली की ते पाळते. अचूकराव शुक्रवारी सकाळी घड्याळ, पाटी आणि पेन्सिल घेऊन एकतीस नंबरच्या पहिल्या थांब्यावर हजर झाले. बसमध्ये चढायची ही त्यांची बावीस वर्षांतली पहिली वेळ. मागच्या दारानं चढायचं असतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

"तिकीट?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

"मी वेळापत्रक विभागातला."

"अगंबाई! मग तर दोन घ्या," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच दोन तिकिटं फाडून हातात दिली.

धाकट्यानं आरशातून पाहिलं, मान लववली, "या भाऊजी," म्हणाला आणि बरोबर सात वाजून चाळीस मिनिटांनी बस सोडली. सेकंदाला सेकंद. अचूकरावांनी पाटीवर बरोबरची खूण केली आणि त्यांना जरा बरं वाटलं.

तिसऱ्या थांब्यावर एक आजी चढल्या. दोन्ही हातांत पिशव्या. एक पाय वर, मग पिशवी वर, मग दुसरा पाय. त्या सीटवर टेकेपर्यंत धाकट्यानं बस हलवली नाही. अचूकराव उठून पुढे गेले.

"निघायचं होतंस ना. चाळीस सेकंद गेली."

"आजी पडल्या असत्या, भाऊजी."

"अरे, पण कागदावर इथे थांबायला किती वेळ दिलाय, माहितीये का तुला?"

"नाही. किती दिलाय?"

अचूकराव सांगायला गेले आणि तसेच उभे राहिले. कागद त्यांना तोंडपाठ होता. दुसरा थांबा सात चव्वेचाळीस. तिसरा सात सेहेचाळीस. मधलं अंतर कापायला लागतात ती दोन मिनिटं. थांबायला?

"शून्य," ते म्हणाले.

"हां, तरीच," धाकटा म्हणाला, आणि त्यानं गिअर टाकला.

सव्वीस थांबे. दहाव्या थांब्यानंतर अचूकरावांनी चुकीच्या खुणा करणं सोडून दिलं, कारण पाटीवर जागा उरली नाही. चौकात अकरा मिनिटं बस तसूभर हलली नाही. खिडकीतून पाहिलं तर पुढे, मागे, बाजूला मोटारीच मोटारी, आणि प्रत्येकीत एक माणूस आणि शेजारच्या सीटवर डबा. सोळाव्या थांब्यावर बसची जागा अडवून एक राखाडी मोटार उभी होती. अगदी त्यांच्या मोटारीसारखी. त्यांनी दोनदा नंबर पाहिला. त्यांची नव्हती, पण जीव खाली-वर झाला तो झालाच.

"बाकीचे ड्रायव्हर हे कसं जमवतात?" त्यांनी कंडक्टरबाईंना विचारलं.

"थांब्यावर दहा माणसं दिसली की पुढे नेतात. माणसं धावतात. जी पोचतात ती चढतात, बाकीची शिव्या घालतात," बाई म्हणाल्या. "आमचे हे महाराज एकही थांबा सोडत नाहीत. म्हणून यादीत पहिले. तुमच्या यंत्राला माणूस खाली राहिलेला दिसत नाही ना, साहेब."

शेवटचा थांबा आला तेव्हा घड्याळात अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. कागदावर चौतीस. सहा मिनिटांची विश्रांती कधीच खाऊन झाली होती आणि परतीची बस अठरा मिनिटांपूर्वी निघायला हवी होती. धाकटा सीटवरून उठला नाही. माणसं उतरली, माणसं चढली, त्यानं चाक फिरवलं. त्याच्या पायाशी पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"पाणी तरी पी."

"नको. मग जावं लागतं. जायला वेळ कुठाय?"

चार वर्षांपूर्वी धाकट्याचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अचूकरावांनी त्याच्या खाटेशेजारी बसून पाणी पिण्याचे फायदे पाऊण तास समजावून सांगितले होते. तो ऐकून घेत होता. 'हो भाऊजी, चुकलंच माझं,' असं म्हणालाही होता. ते आत्ता आठवलं आणि त्यांना त्या सीटवर बसवेना.

"तू साहेबांना सांगत का नाहीस, की हे होणं शक्य नाही?"

"माझंच कुठेतरी चुकतंय, भाऊजी," धाकटा आरशात न बघता म्हणाला. "कुठे ते सापडत नाही. शोधतोय."

अचूकराव तडक कचेरीत आले आणि विभागाचं मागचं लोखंडी कपाट उघडलं. चौतीस हा आकडा आला कुठून? प्रत्येक वेळापत्रकाखाली छापलेलं असतं: 'प्रवासाची वेळ प्रत्यक्ष मोजणीवरून.' ही मोजणी केली कुणी, हे शोधायला त्यांना तासभर लागला. एकतीस नंबरची मूळ फाइल सगळ्यात खाली होती. आत एकच पान. अक्षर त्यांचं स्वतःचं.

मोजणीचं वाहन: जीप. दिवस: सुट्टीचा.

मग सगळं भराभर आठवलं. नोकरीला तीन महिने झाले होते. तेव्हाच्या साहेबांनी फर्मावलं, आठवड्यात सगळ्या मार्गांच्या वेळा मोजून आण. कचेरीला जीप एकच. कामाच्या दिवशी ती साहेबांना आणण्या-नेण्यात असायची, म्हणून मिळाली सुट्टीच्या दिवशी. जीपच्या ड्रायव्हरला दुपारी जेवायला घरी जायचं होतं. रस्त्यावर जीप आणि कुत्री, तिसरं कुणी नाही. थांब्यावर थांबायचा प्रश्नच नव्हता, कारण जीपमध्ये कोण चढणार? जेवणाच्या आत सहा मार्ग मोजून झाले. उरलेले अठ्ठावन्न त्यांनी टेबलावर बसून अंतराच्या हिशोबानं काढले. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, असं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी साल बदललं आणि बाकी उतरवून काढलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. बावीस वर्षं हे अख्खं शहर सुट्टीच्या सकाळी, रिकाम्या रस्त्यावरून, भुकेल्या ड्रायव्हरच्या जीपमधून चाललं होतं.

अचूकराव कपाटाला पाठ लावून खाली बसले. लाज वाटली. इतकी, की खोलीत कुणी नसूनही त्यांनी चष्मा काढून ठेवला.

शनिवारी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सांगून होईपर्यंत एकच सदरा तिनं तीनदा घडी केला.

"हे पान कुणी कुणी बघितलंय?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते." जरा थांबून ते म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. लोक मला अचूकराव म्हणतात गं."

"म्हणतात," ती म्हणाली. "आणि माझ्या भावाला काय म्हणतात? लेटलतीफ. त्याच्या मुलींनासुद्धा शाळेत चिडवलंय त्यावरून. तुम्हाला नाव सांभाळायचंय ना, सांभाळा. पण मग सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन नोकरी गेल्याचं तुम्ही सांगायचं. मी येणार नाही."

रविवारभर अचूकराव काहीतरी लिहीत होते.

सोमवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. लांब टेबल, मधोमध मोठे साहेब, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. धाकटा दाराजवळ उभा. खुर्ची होती, पण चौकशीतल्या माणसानं बसायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धुतलेला गणवेश, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"तीन महिने, एकही फेरी वेळेवर नाही," साहेबांनी वाचलं. "काही म्हणायचंय?"

"नाही साहेब. प्रयत्न करतो."

"अचूकराव, वेळापत्रक बरोबर आहे ना? तेवढं सांगा आणि इथे सही करा."

अचूकराव उभे राहिले. "जीपसाठी बरोबर आहे, साहेब."

"काय?"

"जीपसाठी. सुट्टीच्या दिवशी, माणसं न घेता. बसला अठ्ठावन्न मिनिटं लागतात. मी शुक्रवारी बसून मोजलीत."

कारकुनाला हे लिहायचं की नाही ते कळेना, म्हणून त्यानं पेन्सिलनं लिहिलं.

"ही जीपची अक्कल कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," अचूकराव म्हणाले, आणि ते पान टेबलावर ठेवलं. "चौसष्टच्या चौसष्ट मार्ग असेच आहेत. कुणी ड्रायव्हर उशिरा नाही. मीच लवकर आहे."

साहेबांनी पान लांबूनच वाचलं, हात न लावता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फार जुना कागद आहे हा. असे कागद कधी कधी सापडत नाहीत."

"मी माझ्या हातानं त्याच्या तीन प्रती काढल्यात, साहेब. एक मॅडमकडे दिलीय, एक युनियनकडे, एक बायकोकडे. पहिल्या दोन कदाचित परत मिळतील."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना हसू आवरत नसावं.

"अहो, पण अठ्ठावन्न छापलं तर बसणार कोण?" साहेब चिडले. "चौतीस म्हणतोय तरी कुणी बसत नाही!"

"चौतीस म्हणतो म्हणूनच बसत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "अठ्ठावन्न छापा आणि अठ्ठावन्नला पोचवा. मग ती बावन्नवर कशी आणायची ते मी बघते. बसला रस्त्यावर वेगळी जागा द्या, असं म्हणायचंय मला, पण खरा आकडा असल्याशिवाय मी कुणाकडे काय मागू?"

पुढचं पुढे झालं. थोडक्यात सांगून टाकतो, कारण मला त्या खोलीत परत जायचंय. सगळे मार्ग नव्यानं मोजायचे ठरले, बसमध्ये बसून, माणसं चढता-उतरताना. ते काम शिक्षा म्हणून अचूकरावांनाच मिळालं, शिवाय सेवापुस्तकात ठपका. एकतीस नंबरला दोन बस वाढवल्या. त्या उभ्या करायला जागा हवी म्हणून कचेरीच्या लोकांच्या मोटारींचं आवार रिकामं करायला लावलं, त्यावरून आठवडाभर जी बोंबाबोंब झाली ती हवामानासाठी कधी झाली नव्हती. चौकाजवळ बससाठी एक पट्टा आखला. बस छापल्या वेळेला यायला लागली, आणि माणसं हळूहळू, संशयानं, एकेक करून थांब्यावर दिसायला लागली. अचूकरावांच्या बायकोनं दवाखान्यात जायची आपली स्कूटर मात्र विकली नाही. महिनाभर बघते, म्हणाली. तो महिना अजून चालू आहे. आणि अचूकराव हे नाव सुटलं. हल्ली त्यांना जीपराव म्हणतात. ते ओ देतात.

तर ती खोली. साहेबांनी चौकशी रद्द केल्याचं सांगितलं आणि फाइल मिटली. मॅडम उठल्या, कारकून उठला. धाकटा होता तिथेच उभा होता.

"जा आता. झालं," साहेब म्हणाले.

"साहेब, एक मिनिट." त्यानं अचूकरावांकडे पाहिलं. "भाऊजी, ते परत सांगता?"

"काय?"

"ते अठ्ठावन्नचं."

"अठ्ठावन्न मिनिटं लागतात," अचूकराव म्हणाले. "कुणीही चालवली तरी."

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

"नाही रे."

"एकदाही?"

आयुष्यभर आकडे सांगितलेल्या माणसाला हा आकडा सांगता येईना. "एकदाही नाही," ते शेवटी म्हणाले. "बावीस वर्षांत एकदाही तू उशिरा नव्हतास."

धाकट्यानं हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि तो खाली बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग पोराटोरांसारखा हमसून हमसून रडायला लागला. साहेब, मॅडम, कारकून, कुणाला कुठे बघावं कळेना. अचूकराव दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.